अंबाडीचा दोर

माझा धाकटा भाऊ देवराव सिंदीला भाजीपाल्याची शेती करतो. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, जे बाजारात चालेल ते. माझ्या नोकरीची त्यानं एकदा पाहुण्यांना ओळख करून दिली होती. "ताई इमानात बसून जाते, दुसऱ्या देशातल्या लोकायले रडवते, अन् त्याचा तिले पगार भेटते." पाहुणे हसले. मीही हसले, कारण व्याख्या फारशी चुकीची नव्हती.

मी समुपदेशक. वर्ध्यात मनोविकारांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली आणि पन्नाशीच्या आसपास, जेव्हा सोबतच्या बाया सुना आणायच्या तयारीला लागल्या होत्या, तेव्हा मी परदेशी गेले. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. देवरावनं तेवढं विचारलं, "काऊन जातं? इकडं दुःखी लोकं कमी हायेत का?" इकडच्यांचंही करायला हवं होतं, हे खरं आहे.

आम्हाला पाठवतात ते युद्ध संपल्यावर. म्हणजे कागदावर संपल्यावर. सैनिकांसाठी नाही, तर ज्यांच्या हातात कधी बंदूक नव्हती अशा माणसांसाठी. मी तीन देशांत काम केलं, पण इथे फक्त दक्षिण सुदानबद्दल लिहिते. बाकी दोन ठिकाणी माझ्या हातून जे झालं ते बरं झालं, आणि बरं झालेलं सांगायला मला कधी नीट जमत नाही.

हे काम काय असतं ते आधी सांगते. तुमच्या-माझ्या आयुष्यात वाईट घडतं, दिवस जातात आणि त्याची आठवण होते. आठवण म्हणजे होऊन गेलेली गोष्ट. या माणसांची गोष्ट होऊन गेलेलीच नसते. ताटली पडली की बाई खाटेखाली शिरते, कारण तिच्या लेखी गोळीबार आत्ता चालू आहे. तर त्या गोष्टीला तिच्या जागी नेऊन ठेवायचं, आधी काय होतं, मग काय झालं, नंतर काय झालं, एवढंच आमचं काम. गोळ्या नाहीत, यंत्र नाही. लोकांना वाटतं आम्ही धीर देतो. धीर द्यायला शेजारीण पुरते.

त्यासाठी एक दोर लागतो. जमिनीवर दोर पसरायचा. एक टोक म्हणजे जन्म, दुसरं टोक गुंडाळून ठेवायचं, कारण पुढचं आयुष्य अजून यायचंय. मग त्या माणसानं स्वतःच्या हातानं त्यावर गोष्टी मांडायच्या. चांगल्यासाठी फूल, वाईटासाठी दगड. मग दर भेटीत जन्मापासून पुढे येत एकेक सांगायचं. दगडापाशी आलो की तिथे बसायचं, काय दिसलं, कसला वास आला, पाय कुठे होते, सगळं, छातीतली धडधड खाली येईपर्यंत. मी ते लिहून घ्यायचं. शेवटच्या भेटीत सगळं सलग वाचून दाखवायचं आणि कागद त्याच्या हातात द्यायचा. लिहिता-वाचता येत नसलं तरी द्यायचा. कागद छातीशी धरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझा दोर अंबाडीचा होता, माझ्या बाबांनी वळलेला. जायच्या आधी मी त्यांच्याकडे मागितला तेव्हा ते म्हणाले, "दोर कायले पाह्यजे? बैल तर नाई तुह्यापाशी."

"माणसांसाठी पाहिजे, बाबा." मी त्यांना समजावून सांगितलं. किती समजलं कोण जाणे.

"मंग बारीक वळतो," ते म्हणाले. "माणसाच्या हाताले टोचू नये."

तिकडे पोचले तर बाजारात अंबाडीच दिसली. आपण उन्हाळ्यात जिच्या फुलांचं सरबत करतो ती लाल अंबाडी तिथे वाळवून, उकळून चहासारखी पितात. मग मी फुलं म्हणून तीच वापरू लागले. ज्वारीही होती. ज्वारीच्या देशात ज्वारीच्याच देशातून आलेली बाई, म्हणून तिथल्या बायांनी मला लवकर जवळ केलं. भाकरी थापून दाखवली तर हसून लोळल्या.

दोराचा एक कडक नियम आहे. दगड केवढा ते तुम्ही ठरवायचं नाही. प्रत्येक वेळी विचारायचं, "केवढा?" आणि तो जो उचलेल तो बरोबर. एका बाईनं नवऱ्याच्या मरणासाठी चिंचोक्याएवढा खडा ठेवला आणि जळालेल्या शिलाई मशीनसाठी दोन्ही हातांत मावेना असा धोंडा. माझ्या ओठांवर शब्द आला होता. गिळला. पुढे तीन महिन्यांनी कळलं की नवरा तिला मारायचा आणि मशीनवर चार पोरं जगत होती.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक म्हातारबा सात आठवडे आला आणि सातही आठवडे आपल्या गाईंची नावं, रंग आणि शिंगांची वळणं सांगत बसला. मी नियमाप्रमाणे लिहून घेत राहिले. आठव्या आठवड्यात म्हणाला, झालं, आता वाच. मी एकशे सात गाई वाचून दाखवल्या. तो ढसाढसा रडला, कागद घेऊन गेला आणि त्याची झोप सुधारली असं त्याच्या सुनेनं सांगितलं. कोणत्या पुस्तकात बसवू हे?

दुसरा एक, चाळिशीचा, हसरा. त्यानं दोरावर चौदा फुलं ठेवली आणि दगड एकही नाही. मी दोनदा विचारलं. त्यानं मान हलवली, सगळं चांगलंच झालं म्हणाला. माझी दुभाषी रेबेका त्या दिवशी जेवली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "त्याचे दगड आहेत. पण ते दुसऱ्यांच्या दोरांवर आहेत." तिनं त्याला ओळखलं होतं. तो पुन्हा आला नाही.

रेबेकाबद्दल सांगायला हवं. छावणीतलीच मुलगी, तेव्हा पंचविशीची, शाळा अर्धी झालेली. दुभाष्याचं काम फार वाईट असतं, कारण तो "ती म्हणते" असं म्हणत नाही, "मी" म्हणतो. "मी पळाले, मी लपले." दिवसाला चार जणांचं मरण तिच्या तोंडून निघायचं. तिला मी पहिल्या आठवड्यात जे शिकवलं ते असं: भेट सुरू कशी करायची याला महत्त्व नाही, संपवायची कशी याला आहे. दोर त्याच्याच हातानं गुंडाळायला लावायचा. पुढचा वार सांगायचा. तो वार त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. आणि जेव्हा कायमचं जायचं असेल तेव्हा महिनाभर आधीपासून सांगत राहायचं. कारण ही माणसं ज्यांच्यामुळे आजारी आहेत ती सगळी न सांगता गेलेली आहेत. हे मी तिला शिकवलं. फळ्यावर लिहून शिकवलं.

अचोल दर मंगळवारी यायची. पस्तिशीची, उंच, कपाळावर त्यांच्याकडे असतात तशा व्रणांच्या रेघा. पहिले दोन महिने ती बोललीच नाही. रस्त्याकडे तोंड करून बसायची. मी जागा बदलली तर तीही फिरून बसायची, रस्ता दिसलाच पाहिजे. मग एकदा तिनं दोर हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि विचारलं, हा कोणी वळला? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. ते जिवंत आहेत? आहेत. मग तिनं पहिलं फूल ठेवलं.

तिचा दगड असा होता. सकाळची वेळ, ती दगडी पाट्यावर ज्वारी वाटत होती. तिची बारा वर्षांची मुलगी अदुत पाण्याची कॅन घेऊन निघाली. तासाभरानं गोळीबार झाला, गाव पळालं आणि अदुत कुठेच सापडली नाही. मेलेल्यांत नाही, जिवंतांत नाही. अचोलला गोळीबार छळत नव्हता. अदुत निघताना काही म्हणाली का, हे तिला आठवत नव्हतं. म्हणाली असेल आणि आपण ऐकलं नसेल, की ती न बोलताच गेली? वाटता वाटता मान वर केली असती तर निदान पाठ तरी दिसली असती. सात महिने आम्ही त्या सकाळपाशी जात होतो आणि परत येत होतो. शेवटी एका मंगळवारी ती हुंदका न देता सलग सांगू शकली. त्या दिवशी जाताना ती प्रथमच रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघून "मंगळवार" म्हणाली. अकरा पानं झाली होती. पुढच्या मंगळवारी वाचून दाखवायची आणि तिच्या हातात द्यायची, असं ठरलं.

अदुतचा फोटो नव्हता, जन्माचा दाखला नव्हता, कबर नव्हती. ती मुलगी जगात होती हे सांगणारं एवढंच होतं, अकरा पानं.

रविवारी देवरावचा फोन आला. "बाबाले लकवा मारला. बोलणं गेलं. तू येजो." सोमवारी सकाळी छोट्या विमानात जागा मिळाली. तीन आठवड्यांची रजा. नेमकी आदल्याच शनिवारी अचोलची म्हातारी सासू वारली होती. म्हणून विमानतळावर जाताना मी जीप तिच्या झोपडीपाशी थांबवली, भेटायला. बाया जमिनीवर बसल्या होत्या. मीही जाऊन बसले, अचोलच्या शेजारी, तिच्या हातावर हात ठेवून. रेबेका दुसऱ्या कामात होती, त्यामुळे बोलायला भाषा नव्हती आणि गरजही वाटली नाही. अर्धा तास बसले. मग उठले आणि काही न बोलता, मागे न बघता निघाले.

आपल्याकडे मयतीच्या घरून असंच निघतात. एरवी "जाते" म्हणणंसुद्धा अशुभ, "येते" म्हणायचं. पण मयतीच्या घरी "येते" कसं म्हणणार? म्हणून गुपचूप उठायचं. लहानपणी आईनं चिमटा काढून शिकवलेलं. माझ्या पायांनी ते आपोआप केलं. तेव्हा मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही, उलट रीत पाळली याचं बरंच वाटलं. तीन आठवड्यांनी परत यायचंच होतं. आणि रेबेका सांगेलच की. रेबेकाला वाटलं, बाई स्वतः भेटून गेल्या आहेत, सांगितलंच असेल. अकरा पानं बाबांच्या दोरात गुंडाळून माझ्या पिशवीत होती, विमानात स्वच्छ उतरवून काढायला.

बाबा बाराव्या दिवशी गेले. माझ्याशी एक शब्दही न बोलता, कारण वाचाच गेली होती. पण शेवटपर्यंत त्यांची बोटं चादरीची कड वळत होती.

सिंदीचं घर माणसांनी भरलं. चांगली माणसं, रोज येऊन बसणारी. आणि रीतीप्रमाणे एकेक जण गप उठून जायचं. मी दाराशी बसून पाहत होते. आत्ता इथे होती ती बाई आता नाही. कधी उठली? चौथ्या दिवशी शेजारच्या काशीमावशी उठल्या, माझ्या लहानपणापासूनच्या. त्यांची पाठ दारातून बाहेर पडताना दिसली आणि मला एकदम अचोलच्या दारातून निघालेली माझी स्वतःची पाठ दिसली.

मी धावत जाऊन मावशींचा पदर धरला. "मावशी, सांगून जा."

"अवं, मयतीच्या घरून सांगत नसते, बाई," त्या म्हणाल्या.

"तरी सांगा."

त्या घाबरल्या. देवराव आला, त्यानं पदर माझ्या मुठीतून सोडवला आणि त्यांना म्हणाला, "तिचं डोकं ठिकाण्यावर नाई, मावशी. तुम्ही जा."

डोकं ठिकाणावर आलं होतं, पण उशिरा. त्याच दुपारी मी रेबेकाला फोन लावला. ती म्हणाली, "अचोलनं जीप विमानतळाकडे जाताना पाहिली. मला विचारलं, ती जाताना काय म्हणाली? मी म्हटलं, तुला माहीत असेल. ती म्हणाली, काही नाही म्हणाली. मंगळवारी ती येऊन बसली होती. त्याच्या पुढच्यालाही." मी म्हटलं, तिला सांग, मी येते. रेबेका हो म्हणाली. बाबांची तेरवी व्हायच्या आत त्या भागात पुन्हा लढाई पेटली. विमानं बंद झाली, छावणी उठली, माणसं मिळेल त्या वाटेनं सरहद्दीकडे गेली. संस्थेनं मला दुसऱ्या देशात पाठवलं. मी तिथेही दोर पसरला, तिथल्या बाजारातला, लोकांना वार परत म्हणायला लावलं आणि शिस्तीची बाई म्हणून नाव कमावलं.

आता निवृत्त होऊन वर्ध्याजवळ सावंगीला राहते. खालच्या मजल्यावर डॉक्टरकीची पोरं भाड्यानं आहेत, परीक्षा आली की तीही रडायला वर येतात. रेबेका आज शेजारच्या देशातल्या छावणीत स्वतः समुपदेशक आहे. पंधरवड्यातून एकदा ती व्हिडिओवर मला तिची कामं सांगते आणि मी दिवसेंदिवस कमी बोलते, कारण तिला माझी गरज उरलेली नाही. मागच्या वर्षी ती सहज म्हणाली, "अचोल इथे आहे. तिसऱ्या रांगेत. रस्त्याकडे तोंड करून बसते. माझ्याकडे येत नाही. तुझं नाव काढलं तर म्हणाली, ती भारतातली बाई? तीसुद्धा तशीच गेली."

मी म्हटलं, मला तिच्याशी बोलायचंय. आजच.

"हे तिच्यासाठी की तुझ्यासाठी?" रेबेकानं विचारलं. हा प्रश्न मीच तिला शिकवलेला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मग थांब," ती म्हणाली. मी थांबले. चिडले, पण थांबले.

सहा-सात महिन्यांनी अचोल स्वतः रेबेकाकडे गेली आणि तिनं एवढंच विचारलं, त्या बाईकडे माझे कागद आहेत का? होते. बाबांच्या दोरात गुंडाळून, कपाटात, इतकी वर्षं.

मंगळवार ठरला. पडद्यावर ती आली. केस पिकले होते, कपाळावरच्या रेघा तशाच होत्या. तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही. मी वाचायला सुरुवात केली. एकेक वाक्य मी इंग्रजीतून वाचायचं आणि रेबेकानं तिच्या भाषेत "मी" म्हणत सांगायचं. "सकाळ होती. मी ज्वारी वाटत होते. अदुत कॅन घेऊन निघाली. मी मान वर केली नाही." इथे मला ओळ दोनदा वाचावी लागली. रेबेकानं ती एकदाच सांगितली. अकरा पानं संपली तेव्हा मी सांगितलं, की मी न सांगता गेले, आमच्याकडे मरणाच्या घरून तसंच निघतात, पण मला कळायला हवं होतं, ते कळणं हीच माझी नोकरी होती. माझं चुकलं.

अचोल पडद्याजवळ सरकली. मग तिनं विचारलं, "दोर आहे?"

मी फरशीवर दोर पसरला आणि फोन त्यावर धरला. गिलाव्याचं काम चाललं होतं, बाल्कनीत गोटे-खडे पडलेले होते. तिच्या सांगण्यावरून एकेक फूल, एकेक दगड पुन्हा मांडला. फुलांच्या जागी वाटीतले शेंगदाणे ठेवले. अदुतपाशी सगळ्यात मोठा. मग सासूचा. मी थांबले, कारण माझ्या माहितीतला दोर तिथे संपत होता.

"तिच्या पुढे अजून एक ठेव," अचोल म्हणाली. "तुझा."

इतक्या वर्षांत शेकडो लोकांचे दगड मी पाहिले. कोणाच्या दोरावर स्वतःचा दगड कधी ठेवावा लागला नव्हता. मला त्या चौदा फुलांच्या माणसाची आठवण झाली. मग सवयीनं मी विचारलं, "केवढा?"

तिनं मला एकेक गोटा उचलून दाखवायला लावला. पहिला लहान म्हणून नाकारला, दुसराही. तिसरा मी उचलला तेव्हा ती पुढे झुकली. "अदुतच्या दगडापेक्षा लहान हवा," ती म्हणाली. "पण हाताला वजन लागलं पाहिजे. लागतं?"

"लागतं," मी म्हटलं.

"मग ठेव."

मी ठेवला. कागद रेबेकाकडे पाठवते, बारावं पान लिहून पाठवते, म्हणून सांगितलं. शेवटी म्हटलं, "पुढच्या मंगळवारी याच वेळी मी इथे असेन." आणि ती "मंगळवार" म्हणेल म्हणून थांबले. ती म्हणाली नाही. खुर्ची मागे सरल्याचा आवाज आला आणि पडद्यावर नुसती तंबूची कनात राहिली.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कागद तिला पोचले, तिनं ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेत, एवढं रेबेकानं कळवलं. मी मात्र दर मंगळवारी दोर पसरून, फोन समोर ठेवून तासभर बसते. वार मी सांगितलाय, तिनं परत म्हटला नसला तरी.

गेल्या मंगळवारी देवराव वर्ध्याच्या बाजारातून परत जाताना सांभाराची जुडी घेऊन आला. दारातच थबकला. "बाबानं वळलेला दोर हाय हा," तो म्हणाला. मग वाकून पाहू लागला. "अन् हा मोठा गोटा कायचा?"

"एका पोरीचा."

"अन् तो?"

"तो मी आहे."

पाय लागू नये म्हणून दोराला वळसा घालून देवराव सांभार ठेवायला आत गेला.